कोरड्या गोदींतील संसार

घर म्हटलें म्हणजे जमिनींत पाया रोवलेली वास्तु डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु इंग्लंडांतील कालव्यांवर शतकाहून अधिक काळ अशीं हजारों कुटुंबें नांदलीं, कीं ज्यांच्या घरास पायाच नव्हता. होता तो केवळ पाण्याचा आधार. दुरुस्तीच्या दिवसांत तोहि सुटे. त्या लोकांच्या इतिहासांतील हें लहानसें प्रकरण विचार करण्याजोगें आहे.

वर्स्लीच्या खाणींतील कोळसा मँचेस्टरकडे नेणारा ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याचा कालवा १७६१ सालीं खुला झाला. त्या कामीं नांव मिळविलेल्या जेम्स ब्रिंडले यानें पुढें मध्य इंग्लंडांतील कालव्यांचे लॉक, म्हणजे नौका चढविण्या-उतरविण्याचे दरवाजेबंद हौद, मुद्दाम अरुंद आंखले. कारण त्यांत खर्च व पाणी दोन्ही वांचत. या मापामुळें नौका सुमारें ७० फूट लांब, पण अवघी ७ फूट रुंद झाली.

पुढें आगगाडीनें मालवाहतुकीचे दर पाडले, तेव्हां कित्येक नावाड्यांस काठावरच्या घराचें भाडें व मदतनिसाची मजुरी परवडेना. त्यांनीं बायकामुलांस नौकेवर आणलें. मागच्या बाजूस जेमतेम १० फूट लांबीची खोली. तींत चूल, दिवसा कपाटांत मिटणारा बिछाना, आणि गुलाब व किल्ले यांच्या चित्रांनीं रंगविलेलीं दारें. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथनें १८७५ सालीं ग्रंथ लिहून तेथील दाटीकडे व मुलांच्या निरक्षरतेकडे लोकांचें लक्ष वेधलें. १८७७ च्या कायद्यानें अशा नौकांची नोंदणी व तपासणी ठरविली. नौका हें राहण्याचें ठिकाण आहे, हें सरकारनें अशा रीतीनें मान्य केलें.

कायद्यानें माणसें मोजलीं. लांकडाची निगा मात्र नित्याचीच होती. नौकेच्या बाजू ओकच्या व तळ एल्मच्या लांकडाचा असे. फळ्यांच्या सांध्यांत जुन्या दोरांचा पिंजलेला धागा ठोकून वर डांबर चढवीत, आणि हें काम कांहीं काळानें पुन्हा करावें लागे. नौका कोरड्या गोदींत शिरली कीं दार लावून पाणी सोडून देत, आणि ती हळूहळू ओंडक्यांवर टेके. येथें एक विलक्षण गोष्ट अशी, कीं जें पाणी लांकडास झिजवितें, तेंच त्यास फुगवून सांधे घट्ट ठेवतें. नौका फार दिवस कोरडी राहिली तर फळ्या आकसून नव्या फटी पडतात. म्हणून घाई असे.

घाईचें दुसरें कारण पोटाचें होतें. नावाड्यास मजुरी खेपेवर मिळे. खेप नाहीं तर मजुरी नाहीं. जो स्वतःच्या नौकेचा मालक, त्याला त्याच दिवसांत दुरुस्तीचा खर्चहि सोसावा लागे. ज्यास काठावर आप्ताचें घर नाहीं त्यानें मुलाबाळांस न्यावें कोठें? त्याच खोलींत, बाहेर हातोडे चालू असतां आणि डांबराचा वास भरून राहिला असतां, चूल पेटवावयाची!

१९३९ सालीं एल. टी. सी. रोल्ट यानें बॅनबरी येथील टूली यांच्या गोदींत आपली 'क्रेसी' ही नौका राहण्याजोगी करून घेतली, व पत्नीसह तींत बिऱ्हाड केलें. १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकानें मरूं घातलेल्या कालव्यांविषयीं आस्था जागृत केली. मालवाहतूक मात्र वांचली नाहीं. १९६२-६३ च्या हिंवाळ्यांत कालवे गोठले, आणि तिचा उरलासुरला जीव गेला.

नौका मात्र आजहि घर आहेत. त्यांचे सांगाडे आतां पोलादाचे आहेत, आणि गंज टाळण्यासाठीं दर दोनतीन वर्षांनीं त्यांना काळा लेप द्यावा लागतो. त्या वेळीं जो आंतच राहतो त्याला शिडीनें चढउतर करावी लागते. मोरीचें पाणी सोडतां येत नाहीं, कारण तें थेट खालीं काम करणाऱ्याच्या अंगावर पडावयाचें. आणि ज्या इंजिनास बाहेरच्या पाण्याचा गारवा लागतो तें फार वेळ चालवितां येत नाहीं. १९९५ च्या कायद्याप्रमाणें ज्यांस नौका बांधण्याची कायमची जागा नाहीं, त्यांनीं सबळ कारणावांचून १४ दिवसांहून अधिक एका ठिकाणीं थांबावयाचें नाहीं. अशा माणसास चालती नौका हीच घराची सनद होय.

पायावरच्या घराची डागडुजी आपण भिंतींकडे पाहून करतों, आणि खालच्या जमिनीचा विचारहि मनांत येत नाहीं. गोदींतील पाणी ओसरतांना पाहणाऱ्या त्या गृहिणीस मात्र घर कशावर उभें असतें, हें कोणी सांगावयास नको होतें.