‘माझी निवड होईल का?’ : हार्वर्डच्या प्रवेशातील अनिश्चिततेचा इतिहास

१/ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या अमेरिकी विद्यापीठांत अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला आपली निवड होण्याची शक्यता किती, हे खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. आपल्याकडे सीईटी किंवा जेईईनंतर मागील वर्षाचा कट-ऑफ पाहून अंदाज बांधता येतो. तिथे उत्तम गुण मिळवलेले हजारो विद्यार्थी नाकारले जातात आणि कारण सांगितले जात नाही. जागा थोड्या म्हणून असे होते, हा समज अर्धाच खरा आहे. जागा आयआयटीतही थोड्याच असतात. हार्वर्डमधील ही अनिश्चितता १९२० च्या दशकात हेतुपुरस्सर घडवली गेली.

२/ त्यापूर्वीचे चित्र अगदी निराळे होते. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत जो उत्तीर्ण होई, त्याला सामान्यतः प्रवेश मिळे. १९०० मध्ये काही महाविद्यालयांनी एकत्र येऊन ‘कॉलेज एन्ट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड’ स्थापन केले. त्याची पहिली परीक्षा जून १९०१ मध्ये झाली आणि तिला ९७३ उमेदवार बसले. आपली शक्यता अजमावू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एकच प्रश्न असे : पेपर सुटतील का?

३/ ही पद्धत न्याय्य होती, असे मात्र नव्हे. लॅटिनसारख्या विषयांवर भर असल्याने ग्रोटन, एक्झिटर, अँडोव्हर अशा खासगी शाळांतील श्रीमंत मुलांना तिचा मार्ग सोपा होता. हार्वर्ड कॉलेजात मुलींना प्रवेशच नव्हता. तरीही नियम जाहीर होता. ज्याने तो पूर्ण केला, त्याला अडवण्यासाठी विद्यापीठाच्या हाती फारसे काही उरत नसे. पुढचा सारा संघर्ष याच मुद्द्यावरून उभा राहिला.

४/ पूर्व युरोपातून स्थलांतर केलेल्या ज्यू कुटुंबांची मुले बॉस्टन-न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत शिकली आणि परीक्षा उत्तीर्ण होऊ लागली. हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास ज्यू विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते. १९२२ मध्ये हा वाटा २१.५ टक्के झाला. जुन्या प्रॉटेस्टंट घराण्यांची मुले यामुळे दुसरीकडे जातील, ही भीती विद्यापीठाच्या धुरीणांना वाटू लागली.

५/ हार्वर्डचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांसाठी सुमारे १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. ज्यूंची संख्या वाढली तर ज्यूद्वेषही वाढेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रस्ताव उघड होताच वृत्तपत्रांतून गदारोळ उठला. विषय समितीकडे सोपवण्यात आला. एप्रिल १९२३ मध्ये समितीने वंश वा धर्माच्या आधारावरील मर्यादा स्पष्टपणे फेटाळली. कागदावर तत्त्वाचा विजय झाला.

६/ त्याच समितीने आणखी एक सूचना केली. शाळेतील वरच्या एक-सप्तमांश विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षेविना घ्यावे. दक्षिणेकडील व पश्चिमेकडील लहान गावांतील मुले यावीत, हा तिचा हेतू होता. परंतु वर्गात वरचे क्रमांक मिळवणाऱ्यांत ज्यू मुलेही होती. १९२५ मध्ये प्रथम वर्षातील त्यांचा वाटा २७ टक्क्यांवर गेला. परीक्षा असो वा शाळेतील क्रमांक, नियम जाहीर असला की तो कुणीही पूर्ण करू शकतो, हे लोवेल यांना कळून चुकले.

७/ मराठी वाचकाला या काळातील एक नाव परिचयाचे आहे. पाली पंडित धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्ये संशोधनासाठी जात असत. त्यांचे पुत्र दामोदर केंब्रिज गावातील शाळेत शिकले. १९२४ मध्ये प्रवेश परीक्षेतून सूट मिळून त्यांचा हार्वर्डप्रवेश निश्चित झाला. मध्यंतरी ते भारतात परतले, १९२६ मध्ये पुन्हा अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च सन्मानाने पदवीधर झाले. भारतीय इतिहासलेखनाला नवी दिशा देणारे डी. डी. कोसंबी ते हेच. ते दोन प्रवासांच्या मध्ये असतानाच हार्वर्डचे प्रवेशाचे नियम बदलत होते.

८/ १९२६ मध्ये नवी पद्धत आली. प्रथम वर्षाची संख्या सुमारे १,००० वर मर्यादित करण्यात आली. निवडीत गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना मोठे वजन मिळाले. अर्जासोबत छायाचित्र आवश्यक झाले. अर्जदाराचा वंश, धर्म, आईचे माहेरचे आडनाव, वडिलांचे जन्मस्थान, जन्मानंतर स्वतःचे वा वडिलांचे नाव बदलले आहे काय, हे प्रश्न तर १९२२ पासूनच अर्जात होते. पुढे ज्यू विद्यार्थ्यांचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास आला.

९/ म्हणजे १९२३ मध्ये उघडपणे फेटाळलेला आकडा तीन वर्षांनी न बोलता साधला गेला. उघड मर्यादेवर टीका करता येते, तिच्याविरुद्ध सभा घेता येते. ‘तुमच्या मुलाचे व्यक्तिमत्त्व आमच्या संस्थेस अनुरूप नाही’ या निर्णयावर दाद कुठे मागणार? विद्यार्थ्याला आपली शक्यता कळेनाशी झाली, कारण निकष समितीच्या खोलीबाहेर येत नव्हते. कोलंबिया विद्यापीठाने अशी पद्धत आधीच सुरू केली होती. येल आणि प्रिन्स्टनही त्याच वाटेने गेले.

१०/ योगायोग असा की, सुप्रसिद्ध सॅट परीक्षाही प्रथम २३ जून १९२६ रोजीच घेण्यात आली. तिला ८,०४० विद्यार्थी बसले. तिचे कर्ते प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ च्या पुस्तकात बुद्धिमत्तेची वांशिक उतरंड मांडली होती. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ती निराधार ठरवली. हार्वर्डचे पुढचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी शिष्यवृत्तीसाठी दूरदूरचे हुशार विद्यार्थी शोधण्यास हीच परीक्षा वापरली. तरीही सॅटचे गुण हा अर्जातील एक कागदच राहिला. अंतिम निर्णय समितीचाच.

११/ दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यूंवरील अघोषित मर्यादा हळूहळू सैल झाली; समितीचा स्वेच्छाधिकार मात्र टिकला. पुढे कृष्णवर्णीय व इतर वंचित समूहांना संधी देण्यासाठी तोच वापरला गेला. १९७८ च्या बाकी खटल्यात न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी ठरावीक राखीव जागा अमान्य करताना हार्वर्डची पद्धत आदर्श म्हणून पुढे ठेवली. दार बंद करण्यासाठी घडवलेली किल्ली दार उघडण्यासही चालते, हे खरे. पण ती कुणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून राहिले.

१२/ समितीच्या खोलीतील आकडे २०१८ मध्ये बाहेर आले. आशियाई-अमेरिकी अर्जदारांवर अन्याय होतो, असा दावा २०१४ मध्ये दाखल झाला होता. सुनावणीत सहा वर्षांच्या, दीड लाखांहून अधिक अर्जांची छाननी झाली. वादींकडून पीटर आर्सिडियाकोनो आणि हार्वर्डकडून डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी अर्जदारांच्या निवडीच्या शक्यतेची गणिती प्रारूपे मांडली. माहिती एकच, निष्कर्ष परस्परविरुद्ध. वादाच्या केंद्रस्थानी होते ‘वैयक्तिक गुणांकन’. म्हणजे १९२६ च्या ‘व्यक्तिमत्त्वा’चे वंशज. त्यात आशियाई-अमेरिकी अर्जदारांना सरासरीने कमी श्रेणी मिळत होती.

१३/ एका आकड्यावर मात्र दुमत नव्हते. हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे ३३ टक्क्यांची निवड होई. इतरांपैकी ६ टक्क्यांहूनही कमी अर्जदारांची. २०१९ मध्ये जिल्हा न्यायालयाने हार्वर्डच्या बाजूने कौल दिला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत अवैध ठरवली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप या निकालाने संपले नाही.

१४/ म्हणून ‘शंभरातून चार-पाच जणांची निवड’ ही सरासरी कुणाही एका अर्जदाराची शक्यता नव्हे. तेच गुण असलेल्या दोघांची शक्यता वडिलांच्या पदवीनुसारही बदलते. १९०१ च्या परीक्षेतील अन्याय प्रश्नपत्रिकेत सर्वांना दिसत होता. लॅटिनच्या पेपरकडे बोट दाखवता येत होते. १९२६ च्या पद्धतीत काय चालते, हे न्यायालयात आकड्यांनिशी तपासले जायला ९२ वर्षे लागली. प्रवेश नाकारलेल्या असंख्य विद्यार्थ्यांनी तोवर दोष स्वतःच्या व्यक्तिमत्त्वातच शोधला असेल.