संप्रेरके आणि स्तनाचा कर्करोग : प्रस्तावना

ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका तरुण स्त्रीचे बीजांडकोश त्यांनी काढले होते, आणि छातीवरची गाठ विरत गेली होती. बीजांडकोशात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाला नाव मिळायला तेव्हा काही दशके अवकाश होता. पुढे एल्वुड जेन्सन यांनी पेशींतील इस्ट्रोजेनचा रिसेप्टर दाखवून दिला. आज बायॉप्सीच्या अहवालात दिसणारे ‘ईआर पॉझिटिव्ह’ हे शब्द तिथूनच आले.

इस्ट्रोजेन स्तनातील पेशींना वाढीचा निरोप देते. म्हणून त्याचा सहवास किती वर्षांचा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पाळी लवकर सुरू होणे व उशिरा थांबणे यांनी धोका वाढतो. कमी वयातले पहिले बाळंतपण आणि स्तनपान यांनी तो घटतो. रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोश थंडावले, तरी चरबीतील ॲरोमाटेज हे विकर इस्ट्रोजेन बनवतच राहते. त्या वयात वाढलेले वजन धोक्याचे ठरते ते यामुळेच. मुंबईतील पारशी स्त्रियांमध्ये हा आजार अधिक आढळतो; उशिरा होणारी लग्ने आणि कमी मुले ही त्याची काही अंशी कारणे मानली जातात.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी आकडे वाचायला आधी शिकावे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ने रजोनिवृत्त स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची एकत्र गोळी देऊन पाहिली. २००२ साली ही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. धोका २६ टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे ३० ऐवजी ३८ जणींना कर्करोग. दोन्ही विधाने खरी आहेत, पण पहिले एकटेच ऐकले तर घबराट होते आणि दुसरे एकटेच ऐकले तर निष्काळजीपणा. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले, तेव्हा अशी वाढ दिसली नाही. त्यामुळे कोणते संप्रेरक, कोणत्या वयात, किती काळ, हे विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

हे सारे हिशेब समूहांचे आहेत. एका दिवसाच्या रक्ततपासणीवरून एकीचे भवितव्य सांगता येत नाही. उशिरा झालेले मूल किंवा न झालेले मूल हा कुणाचा अपराधही नव्हे. विद्यार्थी, डॉक्टर, रुग्ण आणि त्यांचे आप्त, सर्वांचे या अभ्यासात मनापासून स्वागत. इथले ज्ञान स्त्रीला निर्णय घेताना बळ देण्यासाठी आहे, तिला दोष देण्यासाठी नाही.