तुकोबारायांच्या वाटेने आलेला एक ‘दास’

माउली, आपल्याला वारी नवी नाही. पण वारी करणारे केवळ आपणच नाही, हे ध्यानात घ्यावे. बायबलातील ‘स्तोत्रसंहिता’ या ग्रंथात दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांपैकी १२० ते १३४ ही पंधरा, सणाला यरुशलेमचा डोंगर चढणाऱ्या यात्रेकरूंची गाणी मानली जातात. त्यांत वाटेवरचे भय आहे, सोबत्यांचा आनंद आहे आणि मंदिराच्या दारी पोहोचल्याचे समाधान आहे. आपल्या दिंडीत ती परकी वाटणार नाहीत.

त्या संहितेत स्तुती आहेच, पण गाऱ्हाणीही पुष्कळ आहेत. भक्त देवाला जाब विचारतो, रुसतो आणि पुन्हा त्याच्याच पायांशी येतो. आपल्याला हे तुकोबारायांनी शिकवले आहे. दुष्काळात पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. तेव्हा ते विठोबाशी भांडले, पण त्याला सोडून गेले नाहीत. भांडणसुद्धा भजनच असते, कारण नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही.

या दोन प्रवाहांचा संगम मराठीत ज्यांच्या लेखणीत झाला, ते नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाईंना काही वर्षे पतीपासून दूर काढावी लागली. ते दुःख ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हसत-रडत सांगितले आहे. धर्म बदलला, पण टिळकांच्या ओठांवरचा अभंग बदलला नाही. आपण तुकोबारायांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते स्वतः सांगत.

तुकोबारायांची वाणी त्या काळच्या मुंबईत नव्याने घुमत होती. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या उपासनेत गिरगावात अभंग गाइले जात. १८६९ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून सरकारी साहाय्याने गाथेचा पहिला भाग निघाला. जी वाणी वारकऱ्यांच्या कंठात होती, ती शिकलेल्यांच्या मेजावरही आली.

टिळकांनी आपले अभंग ‘दास’ या मुद्रेने लिहिले. त्यांचा संग्रह ‘अभंगांजली’. ९ मे १९१९ रोजी मुंबईतच त्यांचा देह पडला. त्याच वर्षी निकोल मॅक्निकल या मिशनऱ्याने ज्ञानोबा-तुकोबादी संतांच्या १०८ अभंगांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि त्याच्या नावातच अभंगांना ‘स्तोत्रे’ म्हटले, तेही बायबलातल्या स्तोत्रांसाठी असलेल्या शब्दाने.

कोणी विचारील, “जो पंढरीची वाट सोडून गेला, त्याचे कौतुक वारकऱ्याने का करावे?” प्रश्न खरा आहे, घरचा माणूस दूर गेला की वाईट वाटतेच. पण टिळकांनी उसने घेतलेले लपवले नाही. तुकोबारायांच्या नावावर आपली ओळ खपवली नाही. आपल्याच गाथेत ‘तुका म्हणे’ जोडून किती परकी रचना शिरली, हे जाणणाऱ्याला या प्रामाणिकपणाचे मोल कळेल.

कीर्तनात प्रमाण संतवाणीचेच. ती मर्यादा मोडू नये. पण रात्री, घर निजल्यावर, आपले दुःख देवाला सांगायला कोणाची मनाई आहे? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. लालबाग-परळच्या कितीतरी चाळींतली चूल थंडावली. त्या घरांत जे देवाला विचारले गेले, ते कोणी लिहून ठेवले असते, तर गिरणगावाची स्वतःची स्तोत्रसंहिता झाली असती.

म्हणून, माउली, एक वही करा. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग जमला तर उत्तम, न जमला तर साधे बोल पुरेत. गाऱ्हाणे असेल तर गाऱ्हाणे लिहा, देवाला खोटी स्तुती देऊ नका. खाली मुद्रा स्वतःची घाला. आणि एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात गेलात, की ते मनातल्या मनात त्याला ऐकवा. विटेवरचा तो ऐकायलाच उभा आहे.

राम कृष्ण हरि!