पाणबुडी आणि गावोगावची चूल

मांडवीच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे नाना तऱ्हेच्या नौका दृष्टीस पडतात. मिरकरवाड्याच्या मच्छीमार बोटी समुद्राकडे निघालेल्या असतात, भाट्याच्या खाडीतून एखादी होडी बाहेर पडते, आणि दूर क्षितिजाशी मालवाहू जहाजाचा ठिपका रेंगाळत असतो. एक नौका मात्र येथून कधी दिसत नाही, आणि न दिसणे हाच तिचा धर्म आहे. ती म्हणजे पाणबुडी.

पाणबुडीचा विषय निघाला की आपण शौर्याच्या गोष्टी बोलू लागतो. मुलांना तर टॉर्पेडोखेरीज दुसरे काही सुचत नाही. पण वाचकहो, आज दिवाळीच्या फराळाबरोबर मी जी हकीकत सांगणार आहे ती लढाईची नाही. पाणबुडी बांधावयास घेतली म्हणजे कोणकोणत्या गावांत चुली पेटतात, आणि बांधणे थांबले म्हणजे त्या चुलींचे काय होते, एवढाच तिचा विषय आहे. या हकीकतीत आपल्या कोकणचाही वाटा आहे.

रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरीवर जगतो, असे पिढ्यानपिढ्या म्हटले जाई. भाताची खाचरे लहान आणि खाणारी तोंडे पुष्कळ. तेव्हा घरटी एक तरी माणूस मुंबईस असावयाचाच. त्या काळी मांडवीहून पडावात बसून खोल पाण्यात नांगरलेली आगबोट गाठावयाची, रात्र डेकवर काढावयाची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरावयाचे. तेथून माझगाव हाकेच्या अंतरावर. ट्रंक गावकीच्या खोलीत टाकली की आधी येऊन स्थिरावलेला कोणी काका-मामा पोराला कामावर चिकटवून देई. कोणी गिरणीत साच्यावर गेला, कोणी गोदीत.

माझगावची गोदी जुनी. १७७४ साली तेथे लहानशी सुकी गोदी बांधली गेली. १९३४ साली माझगाव डॉक ही कंपनी झाली आणि १९६० साली ती भारत सरकारने आपल्याकडे घेतली. तोवर तेथे मुख्यतः डागडुजीचे काम चाले. पुढे युद्धनौका बांधण्याचे मोठे काम आले आणि १९७२ साली ‘नीलगिरी’ ही फ्रिगेट तेथून आरमारात दाखल झाली. अशा कामाला नुसता हमाल चालत नाही. फिटर लागतो, वेल्डर लागतो, सुतार आणि तारतंत्री लागतो. भातशेतीवर वाढलेल्या मुलांनी ही विद्या गोदीत उमेदवारी करून मिळविली. घरी जाणारी मनीऑर्डर त्या विद्येची होती.

आता पाणबुडी ही वस्तू बाजारहाटाच्या यादीसारखी वाचून पाहू. माझगावला बांधलेल्या ‘कलवरी’ जातीच्या पाणबुडीची लांबी साडेसदुसष्ट मीटर. तिच्या पोटात विजेच्या बॅटरीचे ३६० घट असतात आणि एकेका घटाचे वजन ७५० किलो. शाळेतल्या पोराला गणित घातले तर तो २७० टन असे उत्तर देईल. शिवाय सुमारे ११ किलोमीटर लांबीचे पाइप आणि सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या तारा. रत्नागिरीहून राजापूरच्या वाटेवर या तारा सोडीत गेलो, तर बहुतेक सारा रस्ता त्या पुरतील. एवढे सगळे त्या निमुळत्या नळकांड्यात बसवावयाचे!

हे सगळे सामान गोदीत तयार होत नाही. गोदी म्हणजे लग्नघर. तांदूळ एकाकडून, भांडी दुसऱ्याकडून, मांडव तिसऱ्याकडून. ‘कलवरी’च्या बाबतीत पुष्कळसे महत्त्वाचे सामान फ्रान्सकडून आले हे खरे. तरीही झडपा, पाइप, तारा, पंप, दट्टे आणि चाके यांपैकी जे जे देशात होऊ शकते, त्याच्या पाठीमागे कोठे ना कोठे एक कारखाना असतो, कारखान्यामागे लहान लेथशाळा असते, आणि लेथशाळेमागे तिचा मालक, दोन कामगार, एक उमेदवार व त्या सर्वांची उधारी लिहून ठेवणारा वाणी असतो.

असा कारखाना गावाचे काय करू शकतो हे पाहावयाचे तर घाट चढून पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गेले पाहिजे. तेथे कळंबच्या माळावर नीरेच्या कालव्याच्या पाण्याने ऊस पिकवून सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी १९३३-३४ च्या सुमारास साखर कारखाना उभा केला. त्या वसाहतीचे नाव वालचंदनगर. साखरेबरोबर यंत्रशाळा वाढली. पुढे तेथे साखर कारखान्यांची आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रे होऊ लागली. अणुवीज केंद्रांची उपकरणे झाली. इस्रोच्या अग्निबाणांची कवचे झाली. आणि आरमारासाठी गिअरची चाकेही झाली. अणुशक्तीवर चालणारी आपली पहिली पाणबुडी ‘अरिहंत’ २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणला पाण्यात उतरली. तिच्या सामानाचा वाटा उचलणाऱ्या देशी कारखान्यांत वालचंदनगरचे नाव होते. योग असा की विशाखापट्टणची जहाजगोदीही वालचंद शेठांच्याच सिंदिया कंपनीने १९४१ साली पाया घालून उभारली होती. शेठजी १९५३ साली वारले. त्यांच्या माळावरच्या गावाने पाणबुडीला हातभार लावलेला त्यांना पाहावयास मिळाला नाही.

पाणबुडीच्या गिअरची गोष्ट जराशी सांगितली पाहिजे. पाण्यात आवाज फार दूर जातो. चाकाचा एक दाता केसभर जाडबारीक झाला तरी तो दुसऱ्या दात्यावर आदळून कुरकुरतो, आणि ती कुरकुर शत्रूच्या कानी जाते. म्हणून दाते कापणाराचा हात, त्याचे यंत्र आणि मोजमाप करणाराची नजर ही तिन्ही पक्की लागतात. अशी माणसे एका वर्षात होत नाहीत. बाप उसाच्या चरकाचे रूळ घडवीत असेल, तर मुलगा असे दाते कापू लागतो. मध्ये एक पिढी खर्ची पडते. त्या पिढीला शाळा लागते, दवाखाना लागतो, बाजार लागतो. आणि जेथे पगार महिन्याच्या महिन्यास होतो तेथे या गोष्टी आपोआप येऊन वसतात. मग भोवतालच्या खेड्यांतील दूध आणि भाजी त्या बाजारात येते, शिंप्याचे मशीन चालते, एस. टी.च्या फेऱ्या वाढतात. कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नसलेली किती तरी माणसे अशी कारखान्यावर जगतात.

येथवरची हकीकत ऐकावयास गोड आहे. आता कडू भाग.

११ डिसेंबर १९८१ रोजी भारताने पश्चिम जर्मनीतील एच.डी.डब्ल्यू. या गोदीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन कील येथे बांधावयाच्या आणि दोन माझगावला. आपली माणसे कीलला जाऊन ती विद्या शिकून आली. पाणबुडीचे कवच म्हणजे खोल पाण्याचा दाब झेलणारी पोलादी कढई; तिच्या प्रत्येक जोडाची कसून तपासणी होते आणि आतला बारीकसा पोकळ बुडबुडाही चालत नाही. ते जोड मुंबईत जुळू लागले. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी ‘शाल्की’ आरमारात दाखल झाली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. २८ मे १९९४ रोजी ‘शंकुल’ दाखल झाली. पुढे आणखी दोन बांधाव्यात असा विचार होता. पण १९८७ साली या व्यवहारात दलालीचे आरोप झाले आणि तो विचार बारगळला.

‘शंकुल’नंतर पाणबुडीचे दालन ओस पडले. पुढचा करार झाला तो ऑक्टोबर २००५ मध्ये, फ्रेंच ‘स्कॉर्पीन’ पाणबुड्यांचा. मध्ये अकरा वर्षे गेली. ‘शंकुल’ आणि तिच्यामागून आलेली ‘कलवरी’ यांच्यामध्ये तर तेवीस वर्षांचे अंतर पडले.

कोकणच्या माणसाला बंदी नवी नाही. पावसाळा आला की आगबोटी बंद होत, पडाव वर ओढून शाकारून ठेवीत, मच्छीमारांची जाळी घरात येत. पण त्या बंदीला मुदत होती. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की पुन्हा सारे सुरू होणार, हे लहान पोरालाही ठाऊक असे. म्हणून वाणी उधार देई, तांडेल खलाशांना धरून ठेवी, बाया सुक्या मासळीची बेगमी करीत. मुदत ठाऊक असलेल्या बंदीत माणूस तग धरतो. पुढे आगबोटीच कायमच्या थांबल्या, तेव्हा मांडवीवरचे हमाल, पडाववाले आणि चहा-भजीवाले दुसऱ्या धंद्यांना लागले. कोणी नुसती वाट पाहत बसला नाही, आणि बसून चालणारही नव्हते.

पाणबुडीच्या कारागिराची गत या दुसऱ्या प्रकारची झाली. अकरा वर्षांत तिशीचा वेल्डर चाळिशी ओलांडतो. कोणी निवृत्त होतो, कोणी दुसऱ्या कामावर जातो. जोड लावण्याचा हात गळ्यासारखा असतो. रियाज सुटला की सूर हरवतो. लहान पुरवठादाराचे दुःख निराळेच. त्याने बँकेचे कर्ज काढून खास यंत्र घेतलेले असते. यंत्र गंजत उभे राहते, व्याज मात्र चालूच राहते. पुढच्या खेपेस त्याला बोलावले तर तो हात जोडतो. त्याचा उमेदवार तोवर रिक्षा चालवू लागलेला असतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर बॅरो नावाचे शहर आहे. ब्रिटिश आरमाराची पहिली पाणबुडी १९०१ साली तेथेच पाण्यात उतरली, आणि तेव्हापासून ते गाव पाणबुडीवर जगत आले. अमेरिका-रशियाचे शीतयुद्ध संपले, मागण्या आटल्या आणि गोदीतील हजारो कामगारांना घरी जावे लागले. १९९७ साली ‘अॅस्ट्यूट’ जातीच्या नव्या पाणबुड्यांचे काम आले तेव्हा जाणती माणसे उरली नव्हती. काम वर्षानुवर्षे रखडले आणि अखेर अमेरिकेतील जाणत्यांना मदतीस बोलवावे लागले. वाचविलेला पगार असा दामदुपटीने फेडावा लागला.

आपल्याकडेही दुसरी खेप सुखासुखी पार पडली नाही. २०१२ साली यावयाची ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी आली. पण नंतर हात बसला. ‘खांदेरी’ २०१९ साली, ‘करंज’ व ‘वेला’ २०२१ साली, ‘वागीर’ २०२३ साली आणि सहावी ‘वाघशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी आरमारात दाखल झाली. दिवाळीत मातीचे किल्ले करणाऱ्या मुलांना सांगावयास हरकत नाही की ‘खांदेरी’ हे नाव शिवछत्रपतींनी १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी वसविलेल्या जलदुर्गाचे आहे. याच काळात अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने पाणबुडीला अधिक काळ पाण्याखाली राहता यावे म्हणून इंधनघटाचे यंत्र सिद्ध केले. २०२१ साली त्याची जमिनीवरील चाचणी यशस्वी झाली. ते पाणबुडीत बसविण्याच्या कामासाठी डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी सुमारे १९९० कोटी रुपयांचा करार झाला. पुढच्या सहा नव्या पाणबुड्यांसाठी २०२५ साली वाटाघाटींना आरंभ झाला. वाटाघाट आणि पोलाद कापणे यांत किती अंतर पडू शकते, ते आपण पाहिलेच.

आता कोकणचा जमाखर्च मांडू. माझगावने आमच्या घरांवर कौले चढविली, मुलांच्या फिया भरल्या, बहिणींची लग्ने लावली. हा उपकार लहान नाही. पण गोदीने माणूस नेला आणि पैसा पाठविला. विद्या मात्र मुंबईतच राहिली. निवृत्त फिटर गावी परतला तो आंब्याची कलमे लावून स्वस्थ बसला. त्याच्या हातातील कसबाला गावात काम नव्हते. वालचंदनगरात काम माणसाकडे गेले आणि माळावर गाव उभे राहिले. आमच्याकडे माणूस कामाकडे गेला, आणि पडवीत म्हातारी माणसे उरली.

म्हणून पाणबुडीची पुढची मागणी निघेल तेव्हा दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला हा की तिच्या मागून येणारी मागणी कधीची आहे. म्हणजे कारागिराला आपली नारळी पौर्णिमा कोणती ते कळेल. आणि दुसरा हा की तिच्या लहानसहान सामानापैकी काही रत्नागिरी, चिपळूण, राजापूरकडे येऊ शकेल काय. रत्नागिरीस आय.टी.आय. आहे, तंत्रनिकेतन आहे. मिरकरवाड्याला बोटींची इंजिने उघडून पुन्हा जुळविणारी पोरे आहेत. एका झडपेचे काम, एका पाइपाचा जोड, एवढ्यावरही एक लेथशाळा चालेल, आणि तिच्यातला पोरगा संध्याकाळी आपल्याच घरी जेवावयास येईल.