कोलकाता, अविनाशी चाचणी आणि पदवीधर शिकाऊ उमेदवार

२ मे १९५३ रोजी संध्याकाळी कोलकात्याच्या दमदम विमानतळावरून एक कॉमेट विमान दिल्लीकडे निघाले. उड्डाणानंतर साधारण सहा मिनिटांत ते वादळात सापडले आणि हवेतच मोडले. आतले ४३ जण दगावले. जेट विमानाने प्रवासी नेण्याची सुरुवात याच कॉमेटने बरोबर एक वर्षापूर्वी, २ मे १९५२ रोजी केली होती. बंगालमध्ये उन्हाळ्यातल्या अशा वादळाला कालबैशाखी म्हणतात. चौकशीनेही बोट वादळाकडेच दाखवले: जोरदार झोत किंवा विमान सावरताना पडलेला जादा ताण.

पुढच्या वर्षी मात्र वादळ नसताना दोन कॉमेट कोसळली, जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ. मग इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या केबिनमधला दाब पुन्हा पुन्हा वाढवला-उतरवला. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतली आवर्तने मिळून ३,०५७ झाली, तेव्हा केबिनचा पत्रा खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटला. हा धातूचा थकवा. (परीक्षेत थकव्याचे उदाहरण म्हणून एल्बा लिहा, दमदम नको. दमदमचा निष्कर्ष वादळाचाच आहे.)

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की तडा एका दिवसात पडत नाही. तो रिव्हेटच्या भोकापाशी सुरू होतो आणि उड्डाणागणिक वाढतो. म्हणजे तो सापडू शकतो, पण भाग न कापता, न मोडता शोधायला हवा. तेच काम अविनाशी चाचणीचे, आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एनडीटीचे. साधने बहुतेक आधीच हाताशी होती. रेल्वेच्या कारखान्यांत आसावर तेल लावून, पुसून, वर खडूची पूड मारत. तड्यात मुरलेले तेल पुडीवर डाग पाडून तडा दाखवी. आजचे डाय पेनिट्रंट हे त्याचेच सुधारलेले रूप. क्ष-किरण १८९५ सालचे, तर अल्ट्रासॉनिक प्रतिध्वनीचे यंत्र फायरस्टोनने अमेरिकेत १९४०च्या सुमारास बनवले. रिव्हेटच्या भोकांसाठी एडी करंट वापरतात.

आता पुन्हा कोलकात्याकडे येऊ. भारतातली या विषयाची पहिली संघटना चेन्नईत किंवा मुंबईत झाली असावी असे बहुतेकांना वाटते. नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग सोसायटी ऑफ इंडिया जुलै १९७२ मध्ये कोलकात्यात नोंदली गेली. चेन्नईची संस्था १९७६ सालची, आणि १९८९ मध्ये दोन्ही मिळून आजची इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग झाली. कोलकाताच का? माझ्या मते उत्तर नकाशातच आहे. ईशापूर-काशीपूरचे शस्त्रनिर्मिती कारखाने, हावड्याचे ओतकाम, दुर्गापूरचे पोलाद, रेल्वेच्या कार्यशाळा, सगळे हाकेच्या अंतरावर. विमानाचे काम त्या मानाने थोडे होते. पण वेल्ड आणि ओतीव भाग तपासणारी माणसे तिथे होती.

दुसऱ्याच वर्षी, १९७३ मध्ये, शिकाऊ उमेदवारी कायद्यात दुरुस्ती झाली. १९६१चा मूळ कायदा आयटीआयच्या धर्तीवरच्या उमेदवारांसाठी होता. दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. पूर्वेकडच्या राज्यांसाठी कोलकात्याचे मंडळ हे काम पाहते, महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबईचे. गंमत म्हणजे कोलकात्याच्या मंडळाच्या नावात ‘अप्रेंटिसशिप’ नाही, ‘प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ आहे. एक वर्ष, विद्यावेतन, शेवटी प्रावीण्याचे प्रमाणपत्र.

इथेच विद्यार्थ्यांची फसगत होते. हे प्रमाणपत्र आणि एनडीटीची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेव्हल-१, लेव्हल-२ साठी प्रत्येक पद्धतीचे स्वतंत्र प्रशिक्षणाचे तास, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, लेखी आणि हातची परीक्षा, शिवाय जवळच्या नजरेची दरवर्षी तपासणी लागते. पेनिट्रंटचा अनुभव अल्ट्रासॉनिकसाठी चालत नाही.

माझे वडील रेल्वेत असल्यामुळे माझी पदवी आणि उमेदवारी दोन्ही कोलकात्याकडची. ज्या आस्थापनेत मी वर्ष काढले, तिथे मला चाचणी विभागात नेमले होते. कागदावर नेमले होते, असे म्हणायला हवे. सकाळी रजिस्टरे उतरवायची, दुपारी अहवालांच्या झेरॉक्स. प्रोब माझ्या हातात बहुधा पाच-सहा वेळाच आला. वर्षअखेर प्रमाणपत्र मिळाले. लेव्हल-२ चा अर्ज भरायला घेतला तेव्हा अनुभवाच्या रकान्यात लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. दोन वर्षे गेली ती भरपाई करण्यात.

ही तक्रार माझ्यापुरती असती तर इथे मांडली नसती. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे एक डीसी-१० कोसळून शंभराहून अधिक माणसे मेली. शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क फुटली होती. त्या डिस्कची आदल्या वर्षी फ्लुओरोसंट पेनिट्रंटने तपासणी झाली होती, आणि चौकशी मंडळाच्या मते तडा तेव्हाही होता. रसायन होते, दिवा होता, पद्धत मान्य होती. मंडळाने तपासणीतल्या मानवी मर्यादांकडे झालेले दुर्लक्ष नोंदवले. भाग नीट स्वच्छ नसेल, रंग मुरायला पुरेसा वेळ दिला नसेल, धुताना पाणी जास्त वापरले असेल, डोळ्यांना अंधाराची सवय होण्याआधीच पाहायला घेतले असेल, तर तडा समोर असून दिसत नाही. हे पुस्तकात एका ओळीत आहे, हाताला बसायला महिने लागतात.

म्हणून तुम्ही ओझरला जा, बंगळुरूला जा किंवा कोलकात्याला, रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणत्या पद्धतीवर काम मिळेल, देखरेखीला त्या पद्धतीचा लेव्हल-२ किंवा लेव्हल-३ माणूस आहे का, आणि तासांच्या नोंदीवर तो सही करेल का. विचारायला लाजू नका, मी लाजलो होतो. पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, भाग, पद्धत, तास, काय आढळले, सही. ‘काही आढळले नाही’ हेही लिहायचे, कारण विमान त्याच नोंदीवर पुन्हा उडते.

पुढच्या पाठात पेनिट्रंटची कृती पायरीपायरीने घेऊ. वर्गात येताना सुती कापड आणि जुना गियर किंवा वेल्ड केलेला तुकडा आणा. शक्यतो भंगारातला आणा, त्यात तडा मिळण्याची शक्यता जास्त.