कार्डाच्या छिद्रापासून विजेच्या कप्प्यापर्यंत

सोलापूरला 1870 च्या दशकातील ‘जुनी मिल’ आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांनी कापडाचे शहर केले. तेथील चादरीवर नक्षी उमटवणारे जेकार्ड हे यंत्र मात्र कापडाइतकेच संगणकाच्या साठवणीच्या इतिहासातही मोडते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

जोसेफ मारी जाकार याने 1804 च्या सुमारास ल्यों शहरात सिद्ध केलेल्या या यंत्रात दर आडव्या धाग्यामागे पुठ्ठ्याचे एक कार्ड पुढे येते. छिद्र असेल तेथे सुई आत शिरून उभा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. म्हणजे चारशे आकड्यांच्या यंत्राचे एक कार्ड चारशे ‘होय-नाही’, अर्थात आजच्या भाषेत 50 बाइट, साठवते. या हिशेबाने एका मेगाबाइटला वीस हजार आणि एका टेराबाइटला दोन हजार कोटी कार्डे लागतील. मिनिटाला 120 आडवे धागे धरले तर वाचनाचा वेग सेकंदाला अवघा 100 बाइट भरतो, पण तो कोणाला अपुरा वाटला नाही, कारण माग त्याहून अधिक मागतच नव्हता.

पुढे हॉलेरिथ या संशोधकाने 1890 च्या अमेरिकी जनगणनेत अशीच छिद्रांची कार्डे वापरली, 1956 मध्ये चुंबकीय तबकड्यांची साठवण बाजारात आली आणि 1980 च्या दशकात तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती मांडली. फिरता भागच नसलेल्या आजच्या सॉलिड-स्टेट ड्राइव्हमध्ये, म्हणजे एसएसडीत, अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार कोंडून माहिती ठेवली जाते. साटा जोडणीवर ती सेकंदाला सुमारे 550 मेगाबाइट देते, तर एनव्हीएमई या 2011 च्या मानकानुसार बनलेल्या वेगवान ड्राइव्ह 7,000 आणि त्याहूनही पुढे जातात.

खोक्यावरचा हा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. तो एक मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. संगणक सुरू होताना मात्र विखुरलेले छोटे तुकडे एकेक करून वाचले जातात आणि तेथे हीच ड्राइव्ह बहुधा शंभर मेगाबाइटच्याही आत उतरते. लिखाणाची परीक्षा मात्र मोठ्या फाइलवरच घ्यावी, कारण आरंभीचा जलद राखीव भाग भरला की स्वस्त ड्राइव्हचा वेग कोसळतो. सोलापूरच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात तापलेली ड्राइव्ह स्वतःच मंदावते, ही बाब तर वातानुकूलित प्रयोगशाळेतील आकड्यांत दिसतच नाही.

झीज दोन्हीकडे आहे. सुया टोचून कार्ड फाटते आणि नवे पाडावे लागते. कप्पाही वारंवार पुसल्याने निकामी होतो. म्हणून निर्माते एकूण लिखाणाची हमी देतात: एक टेराबाइटच्या अनेक ड्राइव्हना ती 600 टेराबाइटची असते, म्हणजे पाच वर्षे रोज सव्वातीनशे गिगाबाइट, आणि घरगुती वापर तेथवर क्वचितच पोहोचतो.

1983 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले आणि कार्डांची जागा फाइल घेऊ लागली. नक्षीची ही फाइल काही मेगाबाइटचीच असते. ती साध्या ड्राइव्हवरून आली काय किंवा सेकंदाला सात हजार मेगाबाइट देणाऱ्या ड्राइव्हवरून, माग त्याच गतीने चालतो.