सुन्दे

सुन्दे : डुकराच्या आतड्यात रक्त आणि सारण भरून शिजवलेला कोरियन पदार्थ. सारणात चिकट तांदूळ, टोफू, मोड आलेले मूग, कोबी, पातीचा कांदा, लसूण, आले असे जिन्नस असतात. प्रमाण प्रांतागणिक बदलते. शिजताना रक्त थिजते आणि सारण एकजीव धरून ठेवते. काळपट रंगही त्याचाच.

कस लागतो तो आतडे साफ करताना. ते उलटे करून मीठ व पीठ लावून चोळतात, चरबी खरवडतात, पुन्हापुन्हा धुतात. इथे कुचराई झाली की राहिलेला उग्र वास कोणत्याही मसाल्याने झाकला जात नाही. तांदूळ फुगतो म्हणून आतडे गच्च भरत नाहीत. टोके दोऱ्याने बांधून मंद आचेवर शिजवतात आणि ते फुटू नये म्हणून मधूनमधून टोचतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘शिउइजॉन्सॉ’ या पाककृतिग्रंथात डुकराच्या सुन्देची कृती आहे. जनावर कापले जाई तेव्हाच, म्हणजे सणासमारंभाला, हा पदार्थ होई. आज रस्त्यावरच्या गाड्यांवर सर्रास मिळणारे सुन्दे मात्र बरेच अलीकडचे. कोरियन युद्धानंतरच्या (1950–53) दशकांत रताळ्याच्या स्टार्चच्या स्वस्त शेवया, म्हणजे ‘तांगम्यॉन’, भरून ते होऊ लागले. त्यात रक्त जेमतेम रंगापुरते असते. जुनी चव हवी असल्यास प्रांतोप्रांतीची ठिकाणे गाठावी लागतात.

त्यांत छॉनान शहराजवळचे ब्यॉंगछॉन अग्रगण्य. तिथले सुन्दे लहान आतड्याचे, भाज्या व रक्त भरपूर असलेले आणि चवीला सौम्य असते. तिथल्या आउने बाजारात 1919 साली स्वातंत्र्याची निदर्शने झाली होती. पाच दिवसांनी भरणारा बाजार अजूनही चालतो आणि आसपास सुन्देची दुकाने ओळीने आहेत. पूर्व किनाऱ्यावरच्या सोकछो येथे युद्धात उत्तरेकडील हामग्यॉंग प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी आबाई वस्ती वसवली. ‘आबाई सुन्दे’ मोठ्या आतड्याचे, जाडजूड व तांदूळभरले असते. डुकराचे आतडे दुर्मीळ तेव्हा या लोकांनी माकूल भरला; ते ‘ओजिंगॉ सुन्दे’. त्याच्या चकत्या अंड्यात बुडवून तळतात. शहरातून वस्तीत जायला लोखंडी तारेला धरून हाताने ओढायचा तराफा आहे. जेजू बेटावर रक्तात बकव्हीटचे वा सातूचे पीठ कालवून भरतात. ते घट्ट आणि कोरडे, सवय नसलेल्याला जडच. सोलमध्ये सिल्लिम भागातील सुन्देची बहुमजली खाऊगल्ली प्रसिद्ध आहे. तिथे तुकडे कोबी व पेरिलाच्या पानांसह तव्यावर परततात. तिखट लाल चटणीशिवाय परतलेले ते ‘पेक सुन्दे’.

थंडीत आणि रात्री उशिरा ‘सुन्देगुक’ या रश्शाला मागणी असते. हाडांच्या पांढरट रश्शात सुन्दे व आतड्याचे तुकडे असतात. वरून पेरिलाच्या बियांची पूड आणि मिठात मुरवलेला जवळा घालून तो भाताबरोबर खातात. गाडीवरच्या सुन्देसोबत डुकराचे उकडलेले काळीज व फुप्फुसही देतात. नको असल्यास आधीच सांगायचे. तोंडीलावण्यावरून प्रांत ओळखता येतो : सोलमध्ये तिखट-मीठ, बुसानकडे सोयाबीनची आंबवलेली चटणी, जॉल्ला भागात आंबट-तिखट मिरचीची चटणी आणि जेजूवर सोया सॉस.